कामाचा ताण व त्याची व्यवस्था

आपल्या या मासिकातून बियाण्याची निवड, जमिनीची धूप, जनावरांचे रोग, खतांचे प्रमाण इत्यादी विषयांवर वेळोवेळी उपयुक्त लेख येत असतात, व आमचे शेतकरी बंधू ते लक्षपूर्वक वाचतात, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि ज्या एका साधनावाचून शेतीतील दुसरे कोणतेच साधन चालत नाही, त्याच्या निगेविषयी मात्र फारच थोडे लिहिले जाते. ते साधन म्हणजे शेतकऱ्याचे मन. बैल लंगडू लागला तर आपण त्यास त्या दिवशी औतास जुंपीत नाही. विहिरीवरील मोटारीचा आवाज बदलला तर ताबडतोब बटन बंद करून मिस्त्रीस बोलावितो. परंतु घरच्या धन्याची झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, तो मुलामाणसांवर विनाकारण खेकसू लागला, तर ‘काळजी आहे, दुसरे काय’ एवढे म्हणून आपण त्या गोष्टीकडे पाठ फिरवितो. ही पाठ फिरविणे किती महाग पडते व त्याऐवजी काय करता येण्यासारखे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम श्रम आणि ताण या दोन गोष्टी भिन्न आहेत हे ध्यानात घेतले पाहिजे. दिवसभर वखर हाकून मनुष्य थकतो, पण भाकर खाऊन पडला की त्यास गाढ झोप लागते व सकाळी तो ताजातवाना उठतो. हा श्रम होय, आणि त्यापासून निरोगी माणसास अपाय नाही. उलट एखादा मनुष्य दिवसभर ओट्यावर बसून आहे, अंगास काम नाही, तरी त्याचे मन सावकाराचा हिशेब, आभाळाचा रंग व मुलीचे लग्न यांभोवती घाण्याच्या बैलाप्रमाणे फिरत आहे. तो रात्री अंथरुणावर पडतो आणि तळमळतो. हा ताण होय.

ताण ही मुळात वाईट वस्तू नव्हे. संकट समोर उभे राहिले म्हणजे शरीर स्वतःच्या रक्षणाची तयारी करते. मूत्रपिंडांच्या माथ्यावर ज्या दोन लहान ग्रंथी आहेत, त्यांतून ॲड्रेनलिन व कॉर्टिसॉल नावाचे रस रक्तात उतरतात. त्यांच्या योगे छाती जलद उडू लागते, रक्तदाब वाढतो, रक्तातील साखर चढते, अंगात बळ संचारते. शेतात साप दिसल्याबरोबर आपण एका उडीत बांधावर जातो, ते याच बळावर. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने सन १९३६ मध्ये या विषयावरील आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला, आणि संकट कोणत्याही जातीचे असले तरी शरीराची ही तयारी बहुतांशी एकसारखीच असते असे दाखवून दिले. साप निघून गेला की हे रस ओसरतात व शरीर पूर्ववत होते. परंतु कर्जाचा हप्ता हा निघून जाणारा साप नव्हे. तो महिनोन्‌महिने उंबऱ्याशी बसून असतो. म्हणून शरीराची ती तयारीही उतरत नाही, आणि मग झोप मोडणे, पोटात जळजळणे, डोके धरणे, रक्तदाब वाढणे, लहानसहान गोष्टींचा संताप येणे व कोणत्याही कामाचा निर्णय न होणे, ही लक्षणे एकामागून एक दिसू लागतात. बांधास सांडवा ठेविला नाही तर साचलेले पाणी बांधच घेऊन जाते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. मनाच्या बांधासही सांडवा लागतो, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

आता शेतीच्या धंद्यात हा ताण इतका का साचतो ते पाहू. आमच्या भोकर तालुक्याचेच उदाहरण घेतले तर येथील बहुतेक शेती पावसाच्या भरवशावर आहे. कापूस, सोयाबीन, तूर व ज्वारी ही मुख्य पिके, आणि पाण्याची सोय असेल तेथे हळद. उन्हाळा सरतो न सरतो तोच बियाण्याची व खताची तजवीज करावी लागते. मृगात पेर केली आणि पावसाने ताण दिला तर दुबार पेरणी उभी राहते. श्रावणात तण व अळी, भाद्रपद-आश्विनात सोयाबीन काढणीस येते तोच परतीचा पाऊस, पुढे कापूस फुटला की वेचणीस माणूस मिळत नाही, आणि वर्षाच्या अखेरीस मार्च महिन्यात पीककर्जाची मुदत येऊन ठेपते. सन २०१४ व २०१५ ही दोन वर्षे मराठवाड्यास लागोपाठ कोरडी गेली, व सन २०१६ च्या एप्रिल महिन्यात लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्यानंतर एकच वर्ष गेले, तो सन २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने कापूस उत्पादकांस नागविले. सन २०२५ च्या ऑगस्ट व सप्टेंबर महिन्यांत तर उलट अतिवृष्टीने उभी पिके पाण्याखाली गेली, आणि अनेक ठिकाणी पिकाबरोबर मातीही वाहून गेली. याप्रमाणे एका वर्षी नाही म्हणून व दुसऱ्या वर्षी फार झाले म्हणून, दोन्हीकडून शेतकऱ्याचेच मन पिळले जाते.

इतर धंद्यांत माणूस काम करतो व ठरलेला मोबदला घेतो. शेतकरी मेहनत आधी करतो, खर्च आधी करतो, आणि आपल्या मेहनतीचा भाव काय हे त्यास सर्वांच्या शेवटी, दुसऱ्याच्या तोंडून, अडतीच्या दारात कळते. हे अनिश्चितपण हेच ताणाचे मूळ होय, असे आमचे अनुभवांती मत झाले आहे.

या मताचा आधार आम्हांस दप्तरात मिळाला. आमचे आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनीत गेले. नुकसानीच्या याद्या, पंचनाम्यांचे गोषवारे, वारसाचे फेरफार व अनुदानाचे तक्ते यांतच आमची वर्षे सरली. कचेरीच्या खिडकीशी जे शेतकरी येत, त्यांत दोन प्रकार स्पष्ट दिसत. एकास ‘तुमचे नाव यादीत आहे, रक्कम पुढील महिन्यात खात्यावर पडेल’ असे सांगितले की तो निवांतपणे चहा पिऊन गावी परते. दुसऱ्यास ‘तुमचे नाव यादीत नाही, अमुक कागद कमी आहे’ असे सांगितले तर तो नाराज होई, पण कागद आणण्याच्या खटपटीस लागे. सर्वांत वाईट स्थिती होई ती ज्यास काहीच सांगितले जात नसे त्याची. ‘उद्या या’, ‘साहेब नाहीत’, ‘वरून आले नाही’ हे ऐकून ऐकून त्याचा चेहरा काळवंडे. नुकसान तिघांचेही सारखेच. पण पहिल्या दोघांस आपण कोठे उभे आहोत ते कळलेले असे व तिसऱ्यास ते कळलेले नसे. वाईट बातमी मनुष्य पचवू शकतो, परंतु अर्धवट बातमी त्यास आतून पोखरते.

खिडकीच्या आतल्या बाजूसही सुख नव्हते, हे प्रसंगोपात्त सांगितले पाहिजे. अतिवृष्टीच्या दिवसांत रात्री दहापर्यंत याद्या चालत. वरून ‘आजच पाहिजे’ असा निरोप आणि खालून लोकांचा संताप, या दोहोंच्या मध्ये सापडून आमच्या सोबत्यांपैकी कित्येकांस ऐन चाळिशीत रक्तदाबाच्या गोळ्या लागल्या. म्हणजे ताण हा केवळ शेतकऱ्याचा रोग नव्हे. ज्या कामात जबाबदारी पुरी व अधिकार अपुरा, त्या प्रत्येक कामात तो उत्पन्न होतो. शेतात अधिकार आभाळाचा, कचेरीत वरिष्ठांचा, एवढाच काय तो भेद.

या दप्तरात आणखी एका प्रकारच्या फायली आमच्या हातून गेल्या, त्यांचा उल्लेख टाळता येत नाही. कर्ज व नापिकी यांमुळे शेतकऱ्याने स्वतःचा अंत करून घेतल्यास त्याच्या वारसांस एक लाख रुपये मदत देण्याचे शासनाने सन २००६ मध्ये ठरविले. त्यांपैकी तीस हजार तात्काळ व सत्तर हजार ठेवीच्या रूपाने. सातबाराचा उतारा, कर्जाचा दाखला, पोलिसांचा पंचनामा, वारसांचे जबाब, आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीचा ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा. ते जबाब नकलून घेताना एक वाक्य आम्हांस पुनःपुन्हा आढळे: ‘ते काही बोलत नव्हते.’ राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे सन २०२२ या एका वर्षात देशात शेती करणारे व शेतमजूर मिळून ११,२९० जणांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी ४,२४८ आपल्या महाराष्ट्रातील होते. मनुष्य गेल्यावर त्याच्या नावाची फाईल किती जाड होते हे आम्ही पाहिले आहे. तो असताना, त्याच्या मनावरील भार वेळीच हलका करण्यासाठी काय करावे, हा प्रश्न म्हणूनच आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. मनाची निगा राखा असे सांगणे म्हणजे भावाचा, पाण्याचा व कर्जाचा प्रश्न मनाचा खेळ आहे असे म्हणणे नव्हे. रास्त भाव, वेळेवर कर्ज, खात्रीचे पाणी व नुकसानीची वाजवी भरपाई या गोष्टी मिळाल्याच पाहिजेत, व त्यांसाठी संघटितपणे झगडलेच पाहिजे. परंतु झगडणारा माणूस शाबूत राहिला तरच झगडा चालतो. विहीर खोदावयाची आहे म्हणून कोणी आज तहानलेला राहत नाही. म्हणून मोठ्या उपायांची वाट पाहत असता आजच्या आज घरच्या घरी होण्यासारखे जे उपाय आहेत, ते पुढे देतो.

पहिला उपाय कागदाचा. मनातील काळजी ही रानातल्या धुक्यासारखी असते. आत शिरल्यावर तिचा शेवट दिसत नाही. तीच कागदावर उतरविली की तिची लांबीरुंदी कळते. आठवड्यातून एक वेळ, बाजारच्या आदल्या रात्री म्हणा, एक वही घेऊन तीन रकाने पाडावे. पहिल्या रकान्यात या आठवड्यात आपल्या हातून होण्यासारखी कामे लिहावी: सोसायटीत जाऊन थकबाकीचा आकडा विचारणे, पीक पाहणी नोंदली गेली की नाही ते पाहणे, पंपाची दुरुस्ती. दुसऱ्या रकान्यात पुढील तीन महिन्यांची देणीघेणी. तिसऱ्या रकान्यात ज्यावर आपला काडीचा इलाज नाही अशा गोष्टी: पाऊस, परदेशातील तेलाचे भाव, वरच्या कचेरीचा निर्णय. पहिला रकाना आठवडाभर करावयाचा, दुसरा महिन्यातून एकदा पाहावयाचा, आणि तिसरा लिहून वही मिटावयाची. हा उपाय पोरकट वाटेल, परंतु नुसत्या अंदाजाने जे कर्ज दुप्पट वाटत असते, ते आकड्यात उतरल्यावर बहुधा त्याहून कमी निघते, व जास्त निघाले तरी निदान त्याची हद्द कळते.

दुसरा उपाय विचारण्याचा. अर्धवट बातमी पोखरते असे आम्ही वर म्हटले आहे. तिच्यावरील औषध म्हणजे पुरी बातमी. दुष्काळ जाहीर झाला म्हणजे जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत व मुलांच्या परीक्षा शुल्काची माफी, अशा सवलती शासन देत असते. पुष्कळांस त्या ठाऊकच नसतात व ते उगीच रात्र जागून काढतात. पीक पाहणी सन २०२१ पासून शेतकऱ्यास स्वतःच्या मोबाइलवरून नोंदविता येते; ज्यास ते जमत नाही त्याने घरातील शिकत्या मुलीची किंवा मुलाची मदत घ्यावी. पीकविम्याची एक रुपयाची योजना सन २०२३ मध्ये आली व सन २०२५ मध्ये बंद झाली. म्हणून विम्याच्या अटी गतवर्षीच्या आठवणीवर न सोडता दर हंगामी नव्याने विचारून घ्याव्या. अर्ज दिल्यास पोहोच घ्यावी व तिच्यावरील आवक क्रमांक वहीत टिपून ठेवावा. कचेरीत ‘माझे काय झाले’ असे विचारणाऱ्यापेक्षा ‘अमुक क्रमांकाच्या अर्जाचे काय झाले’ असे विचारणाऱ्यास लवकर उत्तर मिळते, हे आम्ही खिडकीच्या आतून पाहिलेले आहे.

तिसरा उपाय झोपेचा. झोप ही चैन नव्हे; ती मनाची पाळी घालण्याची वेळ होय. रब्बीच्या दिवसांत रात्रीची वीज असली म्हणजे पाणी देण्यासाठी जागावे लागते, याचा आम्हांस विसर पडलेला नाही. परंतु शेजारच्या दोनतीन शेतकऱ्यांनी आपसात पाळी लावून घेतली तर प्रत्येकास एकाआड एक रात्र तरी पुरी झोप मिळेल. जागरण झालेच तर दुसऱ्या दिवशी दुपारी घटकाभर झाडाखाली पडावे. निजण्यापूर्वी तासभर मोबाइलवरील बातम्या व भाव पाहणे बंद ठेवावे, कारण रात्री कळलेल्या भावाचे रात्री काहीच करता येत नाही. छाती धडधडून झोप येत नसेल तर उताणे पडून सावकाश श्वास घ्यावा, व घेतला त्याहून अधिक वेळ लावून तो सोडावा. पाचदहा मिनिटे असे केल्याने छातीची गती उतरते. यात मंत्र नाही व खर्चही नाही.

याच ठिकाणी दारूविषयी लिहिणे प्राप्त आहे. दारूने किंवा शिंदीने झोप लागते असा जो समज आहे तो खोटा आहे. तिने गुंगी येते, पण मध्यरात्रीनंतर झोप मोडते, व सकाळी कालची काळजी तशीच असून खिसा मात्र रिकामा होतो. शिवाय तिच्या अमलाखाली मनुष्य जे एरवी कधी करणार नाही ते करून बसतो. ताणावर दारू घेणे म्हणजे पेटलेल्या कडब्यावर रॉकेल ओतणे होय.

चौथा उपाय सोबतीचा. आपल्या वाडवडिलांनी सावड ही रीत काढली, तिचा हेतू केवळ मजुरी वाचविणे हा नव्हता. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात, असे काम करीत असता माणूस बोलतो, हसतो, दुसऱ्याचेही पीक आपल्यासारखेच पिवळे पडले आहे हे डोळ्यांनी पाहतो, आणि ‘हे संकट माझ्या एकट्यावरच आले’ हा जो ताणातील सर्वांत विषारी काटा, तो आपोआप निघतो. इर्जिकीत एकाच्या रानात सारा गाव औते घेऊन जाई आणि सायंकाळी एकत्र जेवी. यंत्रे आली, औते कमी झाली, व त्याबरोबर ही बोलण्याची जागाही गेली. यंत्रांस आमचा विरोध नाही; पण ती जागा दुसऱ्या रूपाने भरून काढली पाहिजे. भजन, हरिपाठ, तालीम, पोळ्याची मिरवणूक, माळेगावची खंडोबाची यात्रा, यांपैकी ज्यास जे रुचेल ते त्याने धरावे. मात्र सणाच्या नावाखाली नवे कर्ज करू नये, नाहीतर औषधच रोग होऊन बसेल.

सोबतीत पहिला हक्क घरच्या माणसाचा. पुष्कळ पुरुष कर्जाचा खरा आकडा बायकोपासून लपवितात व त्यास पुरुषार्थ समजतात. परंतु निंदणी, खुरपणी व वेचणी करून जी अर्धी शेती ओढते, आणि त्यावर चूल, पाणी व लेकरे सांभाळते, तिला शेतीचा हिशेब न कळू देणे हे अन्यायाचे तर आहेच, शिवाय अविचाराचेही आहे. तिला आकडा ठाऊक नसला तरी घरात काहीतरी बिनसले आहे हे ठाऊक असतेच, आणि ती ते मुक्याने सोसते. ताण केवळ पागोट्याखाली नसतो, पदराखालीही असतो. तेव्हा वहीचे तीन रकाने दोघांनी मिळून भरावे.

पाचवा उपाय वैद्याचा. काळजी आणि मनाचा आजार यांत भेद आहे. दोन आठवडे उलटले तरी मन सतत खिन्न राहते, कशातही गोडी वाटत नाही, झोप व भूक जाते, आपण घरास भार झालो असे वाटते, जगण्यात अर्थ नाही असे विचार येतात, अशी लक्षणे दिसल्यास तो स्वभाव नव्हे, बाहेरची बाधा नव्हे, तो आजार होय, व तो उपचाराने बरा होतो. अमरावती जिल्ह्यातील तीस खेड्यांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम राबविला गेला, त्याचा निष्कर्ष सन २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिॲट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तेथे गावपातळीवरील कार्यकर्त्यांस शिक्षण देऊन लोकांशी बोलते केले, त्यांच्या मागे समुपदेशक व त्यांच्याही मागे मानसोपचारतज्ज्ञ उभे केले. आरंभी खिन्नतेच्या आजाराने पीडित शंभरांपैकी सुमारे चार माणसे उपचार घेत होती. अठरा महिन्यांनी पाहता ती संख्या सुमारे सत्तावीस झाली. जीव देण्याचे विचार मनात येणाऱ्यांचे प्रमाण शेकडा पाचांवरून अडीचांवर आले. या अवधीत त्या खेड्यांतील जमीन बदलली नाही की आभाळ बदलले नाही. विचारपूस करणारे माणूस मात्र दारापर्यंत पोहोचले.

आपल्याकडेही काही सोय आहे. महाराष्ट्र शासनाच्या आरोग्य खात्याने सन २०१५ मध्ये मराठवाडा व विदर्भातील चौदा जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला, त्यात नांदेड व लातूर हे दोन्ही जिल्हे होते. आशा कार्यकर्तीने घरोघरी विचारपूस करावी, व ज्यास गरज असेल त्यास रुग्णालयात पोहोचवावे, अशी ती योजना. गावची आशाताई केवळ बाळंतिणीसाठी आहे असे समजू नये. तिच्याजवळ मनाचे दुखणेही सांगावे. दूरध्वनीवर बोलावयाचे असेल तर केंद्र सरकारने सन २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू केलेली ‘टेलिमानस’ सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत, व मराठीतून बोलता येते. हा क्रमांक ज्याने त्याने आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. पोलिसांचे लचांड मागे लागेल या भीतीने कोणी उपचार टाळू नये. सन २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असे ठरविले आहे की जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या माणसास तीव्र ताणाखाली असल्याचे समजावे, त्यास शिक्षा करू नये, आणि त्याची शुश्रूषा करणे हे सरकारचे कर्तव्य होय.

सहावी गोष्ट फवारणीच्या औषधांची. ती गरजेपुरतीच आणावी व उरल्यास राहत्या घरात ठेवू नयेत. जीव नकोसा होण्याचा आवेग बहुधा थोड्या वेळाचा असतो, आणि तेवढा वेळ निभावला तर मनुष्य पुन्हा सावरतो व पुढे दीर्घकाळ जगतो. श्रीलंकेने सन १९९५ पासून अतिविषारी औषधांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली, आणि पुढील वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरले. तेथील शेतीचे उत्पन्न त्यामुळे घटल्याचे आढळले नाही. आपल्या सोसायटीने गावाबाहेरील गोदामात एक कुलूपबंद खोली राखून सभासदांची उरलेली औषधे तेथे ठेवण्याची सोय केली, तर खर्च अल्प व लाभ मोठा होईल.

सोसायटीवरून आणखी दोन शब्द सुचवावेसे वाटतात. वसुली हे सोसायटीचे कर्तव्य आहे, त्याबद्दल वाद नाही. परंतु थकबाकीदाराचे नाव चारचौघांत पुकारणे व त्याच्या दारी पाहुणे असता तगादा लावणे, यांनी रक्कम वसूल होत नाही, माणूस मात्र खचतो. तोच आकडा त्यास एकीकडे बसवून, मुदत व सवलत सांगून दिला, तर तो तोंड चुकवीत नाही. दुसरे असे की महिन्यातून एक दिवस, ठरलेल्या वेळी, लिहिता-वाचता येणाऱ्या दोघा सभासदांनी सोसायटीत बसावे व ज्यास अर्ज, उतारा, विमा, कर्ज यांविषयी काही विचारावयाचे असेल त्यास मदत करावी. आमच्यासारखे सेवानिवृत्त कारकून प्रत्येक मोठ्या गावात एकदोन तरी सापडतील. कागदांची जी ओळख नोकरीत झाली, ती गावाच्या उपयोगी पडणे याहून दुसरी चांगली निवृत्ती नाही. अशी बैठक आपल्या शाखेने ठरविल्यास तीत बसावयास आम्ही तयार आहोत.

शेवटी वाचकांस एवढीच विनंती आहे की, आपल्या आळीत जो शेतकरी अलीकडे पारावर येईनासा झाला आहे, विचारले तर ‘बरं आहे’ एवढेच म्हणून मान वळवितो, त्याच्याकडे या आठवड्यात एकदा जावे. उपदेश करू नये, स्वतःच्या शहाणपणाच्या गोष्टी सांगू नयेत, त्याच्या चुकांचा पाढा वाचू नये. तंबाखूची चंची बाजूस ठेवून, चहाचा पेला हाती घेऊन, ‘रात्री झोप लागते का?’ एवढे विचारावे, आणि तो बोलू लागेपर्यंत बसून राहावे. तो बोलला तर ऐकावे, व गरज दिसली तर दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर दवाखान्यापर्यंत चालत जावे. त्यास एकट्यास पाठवू नये.